गोव्यात गरी घालताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मांडवीच्या काठावर रॉड घेऊन उभं राहिलं की दहा मिनिटांत कोणीतरी शेजारी येऊन थांबतं. आधी पिशवीत डोकावतं, मग विचारतं, "काय लागलं?" त्यानंतर जे प्रश्न येतात ते गेल्या वीसेक वर्षांत फारसे बदललेले नाहीत. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी बार्देशातला. आधी हातात तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, धरून शिकलो, रॉड फार नंतर आली. माशांची नावं गोव्यात बोलतात तीच ठेवली आहेत.

अगदी नव्याने सुरुवात करायची आहे. काय विकत घेऊ?

आधी काहीच घेऊ नका. रिकाम्या पत्र्याच्या डब्याला पन्नास मीटर तंगूस गुंडाळा, टोकाला शिसं, त्याच्या वर वीतभर अंतरावर गळ आणि गळाला सोललेल्या सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा. हे घेऊन चार-पाच संध्याकाळी जेटीवर बसा. मासा आमिष चाखतो, ओढतो की नुसता ढुशी देतो, हे तर्जनीवरच्या दोऱ्यातून जितकं कळतं तितकं महागड्या रॉडमधूनही कळत नाही. ज्याने हातगरी केली नाही तो रॉडवर पहिला झटका बसताच घाईने ओढतो आणि मासा घालवतो, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

बरं, आता रॉड घ्यायचीच आहे. कोणती?

नदी, खाडी आणि जेटी या तिन्हींना एकच चालेल अशी हवी असेल तर सात फुटांची, मध्यम ताकदीची स्पिनिंग रॉड घ्या. तिच्यावर 3000 किंवा 4000 आकाराची रील. पुळणीवरून लांब फेकायचं असेल तर नऊ ते दहा फुटांची. खडकांवरून किंवा होडीतून मोठ्या माशामागे जायचं तर सामान वेगळं, पण तो खर्च दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

रॉडपेक्षा रील चांगली घ्या. खारं पाणी रीलच्या आत शिरलं की स्वस्त रीलचं बेअरिंग एका मोसमात खरखरायला लागतं. आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा सोडणारा रीलचा ब्रेक, गुळगुळीत सुटतो का ते दुकानातच हाताने ओढून बघा. अडखळत सुटणारा ड्रॅग मोठ्या माशाच्या पहिल्याच धावेत दोरा तोडतो.

तंगूस भरू की ब्रेडेड दोरा?

रीलवर 20 पौंड ताण सोसणारा ब्रेड (विणलेला दोरा) आणि पुढे दीड-दोन मीटर 30 ते 40 पौंडांची जाड लीडर, म्हणजे गळाआधीचा तंगुसाचा तुकडा. ब्रेड बारीक असतो, लांब जातो, ताणत नाही, त्यामुळे झटका लगेच हाताला कळतो. पण कालवं चिकटलेल्या दगडावर तो सुतासारखा तुटतो, म्हणून पुढे लीडर लागतेच. दोन्ही जोडायला एफजी गाठ शिका. घरी, दिव्याखाली, पन्नास वेळा बांधा. अंधारात, वाऱ्यात, डास चावत असताना ती गाठ हाताने आपोआप बांधता आली पाहिजे.

एकदा मी म्हापशाच्या एका दुकानातून नामांकित कंपनीचा म्हणून ब्रेड आणला. डब्यावर 30 पौंड छापलेले, पण अर्ध्या किलोच्या माशाला तुटला. तेव्हापासून नवा दोरा भरायच्या आधी दोन मीटर काढून पाण्याच्या बाटल्या टांगून बघतो. दोन मिनिटांचं काम आहे.

ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठेवावा. त्याहून घट्ट केला तर गाठ जाते.

जिवंत आमिष चांगलं की प्लास्टिकचं?

नदीत जिवंत सुंगटासारखं दुसरं काही नाही. गळ शेपटीकडून घालावा, म्हणजे ते पुढे उड्या मारत राहतं. डोक्यातल्या काळ्या ठिपक्याला गळ लागला तर तत्काळ मरतं. तारलीचे पट्टे, खाजणातले (नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीतले) किडे, लहान खेकडे, हेही चालतं.

प्लास्टिकचं आमिष मला दुसऱ्या कारणाने आवडतं. मासा ते गिळत नाही, ओठातच अडकतो, त्यामुळे सोडायचा असला तर सुखरूप सोडता येतो. सुंगट वापरणार असाल तर गोल आकडीचा, म्हणजे सर्कल गळ घ्या. तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मात्र झटका मारायचा नाही, दोरा नुसता गुंडाळत जायचा. सवय बदलायला वेळ लागतो.

भरतीला जावं की ओहोटीला?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पाणी बघायला शिका.

मासा पाण्याच्या ओढीवर खातो. पाणी उभं असतं त्या अर्ध्या-पाऊण तासात गरी गुंडाळून चहा प्यावा. भरती चढू लागली की समुद्रातले मासे नदीत शिरतात, खाजणांकडे, खारफुटीच्या मुळांकडे जातात. ओहोटी लागली की तेच पाणी लहान मासे आणि सुंगटं घेऊन परत फिरतं आणि मोठे मासे अरुंद जागी तोंड करून थांबतात. पुलाच्या खांबाची मागची बाजू, ओहोळ नदीला मिळतो ते तोंड, मानशीचं (खाजणाच्या बांधात पाणी सोडण्या-अडवण्यासाठी असलेल्या झडपेचं) दार, बुडालेला दगड. जिथे धावतं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासतात, तिथे पाण्यावर एक सुरकुती दिसते. त्या सुरकुतीवर आमिष टाकायचं. त्याच्या दोन मीटर अलीकडे टाकलं तर रात्रभर काही लागणार नाही.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब म्हणजे तिथीचा पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास पूर्ण भरती. गोव्यात पाणी याच्या अर्धा ते एक तास आधीच भरतं, म्हणून हा हिशोब अंदाजापुरताच धरा आणि मुरगाव बंदराचं कोष्टक मोबाइलवर ठेवा. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आणखी एक गोष्ट नवे लोक विसरतात: कोष्टकातली वेळ समुद्राच्या तोंडाची असते. मांडवीत भरती थेट गांजेपर्यंत, म्हणजे पन्नासेक किलोमीटर आत जाते, जुवारीत सावर्ड्यापर्यंत. जितके आत जाल तितकं पाणी उशिरा फिरतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गोव्यात पाण्याचा चढउतार दोन मीटरच्या आसपास असतो. तेव्हा ओढ जोराची, पाणी गढूळ. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी मंद. चणक या माशासाठी मला उधाण उतरून दोन-तीन दिवस झालेले आवडतात: ओढ आहे पण गढूळपणा बसलेला आहे.

चणक कसा पकडायचा? सगळे त्याच्याच गोष्टी का सांगतात?

कारण त्याला एकदा हातात घेतलं की माणूस बदलतो. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच हा. टॉर्चच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. तो भक्ष्याचा पाठलाग फारसा करत नाही, सावलीत दबा धरून बसतो आणि तोंड उघडून पाण्यासकट सुंगट ओढून घेतो. तेव्हा पाण्यावर उघड्या तळव्याने थाप मारल्यासारखा आवाज होतो. तो आवाज ऐकला की पुढची फेक तिथेच.

पणजी-रायबंदरचा 17 व्या शतकातला बांध आहे ना, मिठागरांच्या कडेने जाणारा, तिथे मला पहिला मोठा चणक लागला. ओहोटी निम्मी झाली होती. बांधाखालच्या मोरीतून पाणी नदीत ओतत होतं, त्यात पिटुकली सुंगटं उजेडात ठिणग्यांसारखी उडत होती. मी सात सेंटीमीटरचं मऊ प्लास्टिक मोरीच्या कडेला टाकलं आणि हळू, अगदी हळू आणलं. थाप वाजली आणि रॉड वाकली. मी घाबरून रॉड वर उचलली. शेजारी गरवणारा एक म्हातारा ओरडला, "राव रे, राव! (थांब रे, थांब!) रॉड खाली धर." चणक उडी मारून डोकं झटकतो. रॉड उंच धरली तर तो बाहेर येतो आणि गळ फेकून देतो. टोक पाण्याकडे झुकवून ठेवलं तर उडी अर्धीच होते. मी टोक खाली केलं. त्याने तीन धावा मारल्या, दोनदा खांबाकडे वळला, मग आडवा झाला.

एक इशारा: त्याच्या गालफडाच्या, म्हणजे कल्ल्यांवरच्या झाकणाच्या, कडा वस्तऱ्यासारख्या असतात. तिथे बोट घालून उचलायला जाल तर टाके पडतील. लीडरही तिथेच कापली जाते, म्हणून 40 पौंडांच्या खाली जाऊ नका. खालच्या ओठाचे दात मात्र अगदी बारीक, नुसते खरबरीत लागणारे असतात, अंगठा तिथे ठेवून धरता येतो.

मोठा चणक लागला तर घरी न्यावा की सोडावा?

सोडावा. यात मी माघार घेत नाही, कारण सांगतो.

चणक जन्मतः नर असतो. तीन-चार वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे पन्नास-साठ सेंटीमीटरचा होईपर्यंत तो नर म्हणून वयात येतो. पुढे साधारण 80 सेंटीमीटर ते एक मीटरच्या दरम्यान त्याची मादी होते. म्हणजे नदीतला प्रत्येक मोठा चणक ही मादी आहे, आणि ती मादी व्हायला सहा-आठ वर्षं जगून निघालेली आहे. वजनाच्या काट्यावर फोटो काढण्यासाठी जो मासा मारला जातो तो नेमका अंडी घालणारा असतो. पावसाच्या तोंडावर हेच मासे अंडी घालायला नदीमुखाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतात. शिवोलीला, बेतूलला, आगशीला एकेका आठवड्यात अशा पाच-सहा माद्या गेल्या तर पुढची पिढी कुठून येणार?

खायचा असेल तर दीड-दोन किलोचा एक न्या. रवा लावून तळायला, हुमणाला (नारळाच्या आमटीला) तोच चांगला लागतो. दहा किलोच्या माशाचं मांस जाडंभरडं होतं, हे मी खाऊन सांगतो.

गोब्र्याचं (ग्रूपरचं) उलट आहे बरं. तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. तिथे मोठे सगळे काढले तर नर उरत नाहीत. तोही मोठा असेल तर सोडा.

सोडलेला मासा जगतो का?

नीट सोडला तर जगतो. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नका, मणक्याला ताण येतो. दुसरा हात पोटाखाली. पाण्याबाहेर तुम्ही जितका वेळ श्वास रोखू शकाल तेवढाच वेळ. मग ओढीकडे तोंड करून शेपटीशी धरून ठेवा. मागे-पुढे ढकलायची गरज नसते, वाहतं पाणी कल्ल्यांतून जाऊ द्या. एका क्षणी शेपटी तुमच्या मुठीत घट्ट होते, ताकद परत आल्याचं बोटांना कळतं, आणि तोंडावर पाणी उडवून तो जातो.

तामसो (रेड स्नॅपर) लागतो पण दगडात घुसतो. काय करायचं?

पहिले तीन सेकंद तुमचे, नंतरचे त्याचे. तामसो आमिष घेताक्षणी बिळाकडे वळतो, त्यामुळे इथे ड्रॅग घट्ट आणि लीडर 50 पौंडांची. घुसलाच तर दोरा पूर्ण ढिला सोडून दोन-तीन मिनिटं थांबा, कधी कधी आपणहून बाहेर येतो. त्याचे सुळे कुत्र्यासारखे असतात, पकडीनेच गळ काढा. नदीत लागणारे बहुतेक तामसे अजून वयात न आलेले असतात, मोठे झाल्यावर ते समुद्रात खडपांकडे जातात. तळहाताएवढे घरी नेऊ नका.

मुलांना घेऊन जायचं आहे. सोपं काय?

पुळणीवर मुड्डोशी (लेडीफिश). बारीक गळ, वीस-तीस ग्रॅम शिसं, सुंगटाचा नखाएवढा तुकडा. चढत्या भरतीला पहिल्या लाटेच्या मागे टाकायचं, फार लांब नाही. मुड्डोशीचा झटका थरथरीसारखा येतो आणि मुलांना तो लगेच कळतो. पाण्यात उतरणार असाल तर पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेली वागळी (पाकट) आधीच सरकते. मोरजी आणि गालजीबागला कासवं अंडी घालायला येतात, त्या दिवसांत तिथे रात्री दिवे घेऊन जाऊ नका.

शेवटो (मुलेट) समोर उड्या मारतो पण गरीला का लागत नाही?

तो शेवाळ आणि चिखलातला बारीक कस खातो, सुंगट त्याला नको असतं. पिठाची गोळी आणि अगदी लहान गळ लावून लागतो, पण धीर हवा. 2016 साली त्याला गोव्याचा राज्यमासा केलं. खरं म्हणजे तो पागाने (फेकजाळ्याने) पकडायचा मासा. काळुंदरही शेवाळखाऊच, गळाला शेवाळाचा पुंजका गुंडाळला की येते. नर-मादी दोघं मिळून पिल्लं राखतात. पिल्लांचा थवा भोवती दिसला तर तिथून गरी काढून घ्या.

सांगटाचा (शिंगाळ्याचा) काटा लागला तर?

पाठीवरचा एक आणि छातीशी दोन, असे तीन काटे विषारी असतात. कळ खांद्यापर्यंत जाते. जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, अर्धा-एक तास. या विषावर उष्णतेचा परिणाम होतो. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काटा आत तुटला असेल, सूज चढत असेल, श्वासाला त्रास होत असेल तर 108 ला फोन. सोडताना सांगटाला पायाने दाबू नका, लांब पकडीने गळ फिरवा. खाऱ्या पाण्यातल्या सांगटाचा नर अंडी तोंडात घेऊन फिरतो, त्या दिवसांत पकडलेल्या माशाच्या तोंडातून गोट्यांएवढी अंडी पडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रात्री जेवण गेलं नव्हतं.

फुगणारा केंड खाता येतो का?

नाही. त्याचं विष शिजवून जात नाही. मांजरालाही घालू नका.

नदीत मगरी आहेत म्हणतात, ते खरं?

खरं. मांडवी आणि जुवारी जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेत, आणि तिथून दोन्ही नद्यांत फिरतात. तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून गरवू नका, मासे धुवायला काठाशी बसू नका, आतडी पाण्यात टाकू नका. चोडणचं सलीम अली अभयारण्य जवळच आहे, त्या हद्दीत गरी नेऊच नका.

मानशीजवळ गरवलं तर लोक हाकलतात. का?

कारण तिथल्या माशाचा हक्क कोणीतरी पैसे मोजून घेतलेला असतो. खाजणातल्या मानशीची पावणी होते, आणि ज्याने बोली जिंकली तो ओहोटीला दाराशी जाळं लावतो. ही व्यवस्था खाजण शेतीइतकीच जुनी आहे आणि बांध टिकवण्याचा खर्चही तिच्यातून निघत आला आहे. आधी त्या माणसाला विचारा. "बाब, दारापासून लांब, नदीच्या बाजूला उभा राहू का?" म्हटलं की बहुतेक वेळा हो म्हणतात. न विचारता उभं राहिलात तर त्यांचा राग रास्त आहे.

पावसात बंदी असते ना? मग गरी चालते का?

1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी यांत्रिक होड्यांसाठी आहे. काठावरच्या गरीला ती लागू नाही. तरी मी जूनमध्ये नदीमुखावर जात नाही, कारण वर सांगितलंच. पहिल्या पावसात ओहोळातून शेतात चढणारे मासे अंड्यांनी भरलेले असतात, त्यांना तर सोडाच. गाभोळीच्या मोहाने एका रात्रीत ओहोळ रिकामा होतो.

आणि खडक. हणजूण, वागातोर, काब द राम इथले खडक पावसाळ्यात काळेकुळकुळीत आणि निसरडे असतात. दहा लाटा पायाशी येतात, अकरावी कमरेला. माझा मित्र वागातोरला असाच घसरला. पायाचं हाड मोडलं, रॉड गेली, तो वाचला. तेव्हा समुद्र शांत आहे असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. खडकावर पोचलात की आधी वीस मिनिटं बसून लाटा मोजा.

होडीतून समुद्रात जायचं असेल तर?

ऑक्टोबर ते मे. पहाटे निघा, कारण फेब्रुवारीपासून दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि परतीचा प्रवास अंग खिळखिळं करतो. इसवण (सुरमई) आणि तोंकी (बाराकुडा) यांच्यासाठी पुढे वीतभर स्टीलची तार हवीच, त्यांचे दात कुठलीही लीडर कापतात. कोंकर (ट्रेव्हली) खडपांच्या कडेला, मोडसो (कोबिया) समुद्रात तरंगणाऱ्या बोयांच्या सावलीला. लाइफ जॅकेट होडीत ठेवायचं नसतं, अंगात घालायचं असतं. होडी नोंदणीकृत आहे का ते पैसे देण्याआधी विचारा.

घरी आल्यावर सामानाचं काय करायचं?

त्याच रात्री, झोपायच्या आधी, ड्रॅग घट्ट करून रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराची धार मारली तर मीठ उलट आत जातं. पुसून, ड्रॅग ढिला करून सावलीत उभी ठेवा. गळ धुऊन वाळवा, गंजलेला फेकून द्या. तुटलेलं तंगूस मात्र काठावर टाकू नका. मागच्या हिवाळ्यात रायबंदरला एक बगळा खारफुटीच्या फांदीला पायाने उलटा लोंबताना मिळाला. दोरा त्याच्या घोट्यात रुतला होता. आम्ही दोघांनी मिळून तो कापला, पंख टॉवेलात धरून. उडाला, पण पाय लोंबतच होता. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक रिकामी बाटली असते आणि काठावर दिसेल तो दोऱ्याचा तुकडा त्यात जातो.